सोडलेली वाक्यं

९ नोव्हेंबर २०२५
इंदिरानगर, नाशिक

देवव्रत,

हे मयुरेशला न सांगता लिहिते आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून या जुन्या ईमेलवर. तो तू उघडतोस की नाही, कोण जाणे. उघडत नसशील तर बरंच आहे, मला मनसोक्त भांडता येईल.

तुझ्या भावाची आता फक्त डावी भुवई हलते. मान गेली, बोटं तर तू असतानाच गेली होती. डोकं मात्र लख्ख आहे आणि जीभ नसूनही बोलणं तसंच तिखट. सगळं चालतं ते तू बनवून दिलेल्या प्रोग्रामवर. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळतात, हवं ते अक्षर आलं की तो भुवई उचलतो आणि कॅमेरा ती टिपतो. रात्री मला उठवायची घंटाही त्याच मशीनमध्ये, म्हणून ते आम्ही कधीच बंद करत नाही. इन्व्हर्टर आहे, वर यूपीएस आहे. या घरात दोनच गोष्टी अखंड चालू असतात, ते मशीन आणि आईंची कुरकुर.

मध्यंतरी ते फार रेंगाळायला लागलं होतं. एक अक्षर उमटेपर्यंत त्याची भुवई थकून जायची. शेवटी अश्विनला बोलावलं. देवळाली कॅम्पात कॉम्प्युटरचं दुकान आहे बघ त्याचं, मयुरेशचा विद्यार्थी, भूगोलात नापास झालेला. आला, मशीनमध्ये जास्तीची मेमरी घातली, पैशाचं नाव काढू दिलं नाही. तुझ्या प्रोग्रामला त्याने हात लावलेला नाही, काळजी करू नकोस. म्हणाला, "मॅडम, भाषा तीच आहे, दादांनी लिहिलेलं अक्षर न अक्षर तेच आहे. फक्त ते वाचून चालवणारा, म्हणजे मशीनमधला दुसरा प्रोग्राम, बदललाय. आधीचा एकेक ओळ वाचत बसायचा, हा लय पळतो." आणि खरंच पळतो. मयुरेशने पहिलं वाक्य काढलं, "अश्विनला आता तरी पास करा."

हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. तो तुला पत्र लिहितो आहे.

तू ती खासगी लिहिण्याची सोय ठेवली होतीस ना, मशीन जे मोठ्याने वाचत नाही ती? तिच्यावर लिहितो. वाक्य पुरं झालं की पडद्यावरून नाहीसं होतं. "वहिनी, वाक्य सोडलं की ते आपलं आपण जाऊन फाइलीत बसतं, वेगळं सेव्ह करायला नको," असं तूच कॉलर ताठ करून सांगितलं होतंस. फोल्डरला नाव दिलंय 'देवासाठी'. मी विचारलं, काय लिहितोस रे एवढं? तर मशीन म्हणालं, "नवऱ्याची पत्रं चोरून वाचू नयेत."

त्या संध्याकाळी तो तुला जे बोलला ते मी विसरलेली नाही. "तुला माझी कीव येते म्हणून तू इथे पडून आहेस. मला तू नको आहेस." बातम्या वाचाव्यात तसं सपाट वाचलं होतं मशीनने. दोन वर्षं तू परदेशातली नोकरी लांबवलीस, त्याला उचललंस, आंघोळ घातलीस, आणि पदरात हे. तू गेलास याचा मला राग नाही. नंतर एकदाही चौकशी केली नाहीस याचा आहे. तो असं का बोलला ते त्याने मलाही कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तेच आता तो तुला लिहितो आहे.

– यशश्री वहिनी


३० नोव्हेंबर २०२५

देवव्रत,

तुझं उत्तर नाही. मी तरी कुठे अपेक्षा केली होती.

सकाळी चहा नळीतून पोटात गेला की तो लिहायला बसतो, म्हणजे पडल्या पडल्याच. दुपारी थोडी डुलकी, परत लिहिणं. मध्येच थांबून मशीन मोठ्याने सांगतं, "टाम्पेरे आज उणे सहा." रोज बघतो तो. दोन तळ्यांच्या मधलं गाव आहे, नकाशावर दाखवून झालंय मला. तुझ्या गावाचं हवामान या घरात नाशिकच्या आधी कळतं. आई ऐकतात आणि मुकाट्याने ताट उचलतात. तुझं नाव काढत नाहीत, पण टाम्पेरेला थंडी पडली की इथे स्वतः शाल घेऊन बसतात.

काल मी म्हटलं, जेवढं झालंय तेवढं पाठवून देऊ का? तर बराच वेळ भुवई चालली. "अर्धवट पाठवायचं नाही. अर्धवट बोलून एकदा गोंधळ झालाय. पूर्ण झालं की सांगेन." मग थोड्या वेळाने, "मुद्द्यावर आलोय."

श्वास आता वरच्या वर चालतो. डॉक्टर काही लपवत नाहीत आणि मीही विचारत नाही. त्याचं पत्र संपेपर्यंत टिकू दे, एवढंच माझं मागणं आहे. देवाकडे की आणखी कुणाकडे, ते ठरवलेलं नाही. तुला यायला जमलं तर ये. पत्राची वाट बघत बसू नकोस.

– यशश्री


१३ डिसेंबर २०२५

देवव्रत,

मयुरेश गेला. परवा, गुरुवारी सकाळी. त्रास झाला नाही. मी कूस बदलून दिली, उशी सारखी केली आणि वळून बघते तर तो नव्हता. जीवनने तुझ्या जुन्या नंबरवर निरोप पाठवला आहे, तो पोचला की नाही ते त्यालाही माहीत नाही. अग्नीही त्यानेच दिला, तुझ्या जागी. चुलतभाऊ असून पोरासारखा राबतो आहे.

आता जे सांगते ते नीट वाच.

बुधवारी संध्याकाळी त्याने पत्र पुरं केलं. मशीन म्हणालं, "झालं. उद्या पाठव." इतका निवांत चेहरा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. मी त्याला म्हटलं, आज पाठवते की. "उद्या. आज जरा असू दे माझ्याजवळ." मी हसले आणि असू दिलं.

काल रात्रीची गर्दी पांगल्यावर फोल्डर उघडला. त्यात चारच वाक्यं आहेत. महिनाभर दिवस दिवस लिहीत होता माणूस, आणि चार वाक्यं. तीही कशीही पडलेली. जशी आहेत तशी देते:

म्हणून त्या दिवशी जे बोललो त्याचं कारण पुढे सांगतो.
तू केलेला उपमा मला कधीच आवडला नाही, हेही सांगून टाकतो.
आईला यातलं काही कळू देऊ नकोस.
देवा, पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

शेवटचं वाक्य आहे ते उघडच पहिलं असणार. कारण पुढे सांगतो म्हणाला, आणि पुढे काहीच नाही. मी सगळं मशीन धुंडाळलं. पडदा कोरा आहे, नुसती ती उभी रेघ लुकलुकते आहे. अश्विनला उद्या बोलावलं आहे.

– यशश्री


१४ डिसेंबर २०२५

देवव्रत,

पत्र हरवलेलं नाही! निदान आज तरी नाही. ते मशीनमध्ये आहे, सगळंच्या सगळं. ते बाहेर काढणारा फक्त तू आहेस.

अश्विन दुपारभर तुझा प्रोग्राम वाचत होता. शेवटी खुर्ची मागे सारून म्हणाला, "मॅडम, चूक माझीय." मी म्हटलं, चूक नंतर वाटून घेऊ, आधी काय झालं ते सांग. त्याने जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. तू हसलास तरी चालेल.

तू प्रत्येक वाक्य म्हणजे एक वस्तू केली आहेस, आणि त्या वस्तूला शिकवून ठेवलं आहेस की तुला सोडून दिलं, तुझा मालक कुणी उरला नाही, की मरता मरता स्वतःला फाइलीत लिहून टाक. जुना चालवणारा होता त्याला सवय होती, वस्तू सुटली की त्याच क्षणी तिचा निकाल लावायचा. म्हणून तुझं काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. पण ती त्या एकट्याची सवय होती. भाषेने तसा शब्द कुणाला दिलेला नव्हता. नवा आहे तो सुटलेल्या वस्तू तशाच पडू देतो आणि जागा भरत आली की एकदम झाडू मारतो. अश्विन म्हणाला, "टपरीवर कसं, एक पोऱ्या ग्लास ठेवला की लगेच उचलतो. दुसरा टेबल भरेपर्यंत बघत बसतो. चहा तोच, मालक तोच. दादा पहिल्या पोऱ्याच्या भरवशावर राहिले, आणि मी दुसरा आणून बसवला."

झाडू एकदाच फिरला, सुरुवातीला कधीतरी. त्यात ती चार वाक्यं खाली पडली, हाताला लागतील तशी. बाकी सगळी अजून वर, मेमरीत पडून आहेत. अश्विनने प्रेमाने एवढी मेमरी घातली आहे की जागा भरायचं नावच नाही.

मग प्रोग्राम रीतसर बंद केला तर, असं मी विचारलं. तर म्हणे जुन्याने जाता जाता सगळं आवरलं असतं. नवा आवरत नाही, शटर ओढतो आणि ग्लास टेबलावर तसेच. म्हणजे बंद केलं की संपलं.

चालू मशीनच्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल काढता येते म्हणे. अश्विनने दुकानात दुसऱ्या मशीनवर करून बघितलं. एकदा जमलं, एकदा प्रोग्राम जागीच मेला. त्याचा हात धजावत नाही आणि मी त्याला धजावू देणार नाही. "दादांनी लिहिलंय, दादांना आतलं माहितीय. त्यांनी फोनवर नुसतं सांगितलं तरी मी करतो." तेराव्यापर्यंत तुझी वाट बघायची, नाहीतर मग तो देवाचं नाव घेऊन करणार, असं ठरलं आहे.

येऊ नकोस. माफ करू नकोस. मला वहिनी म्हणू नकोस. फक्त फोन कर.

– यशश्री


१७ डिसेंबर २०२५

देवव्रत,

घरात माणसं येतात, बसतात, चहा नको म्हणतात आणि घेतात. सगळ्यांना मयुरेशचा शेवट कसा झाला ते ऐकायचं असतं. मी सांगते आणि कान त्या मशीनच्या पंख्याकडे. घरघर चालू आहे तोवर तो आहे, असं झालं आहे माझं.

त्याचा पलंग हलवला, त्या जागेवर दिवा लावला आहे. तुझ्या आई तिथून उठत नाहीत. तेल घालतात, वात पुढे सारतात, डोळा लागला तर दचकून उठून आधी दिव्याकडे बघतात. दहा दिवस विझू द्यायचा नाही म्हणून. नेमका तो मशीनच्या डब्यासमोर आला आहे. डब्याचा पंखा जोरात फिरला की ज्योत आडवी होते. मी मध्ये पुठ्ठा उभा केला आहे. दिवा जागचा हलवायचा नसतो आणि मशीन हलवायची मला भीती वाटते, एखादी वायर निघाली तर.

आज आईंनी विचारलं, "अगं, आता कुणासाठी चालू ठेवलंय ते?" मी म्हटलं, अश्विनचं काहीतरी काम आहे त्यात, त्याला लागतंय. खरं सांगणार होते. ओठावर आलं होतं. पण त्याने लिहून ठेवलं आहे, आईला कळू देऊ नकोस. शिवाय त्यांना कळलं की त्यात पोराचे शब्द आहेत तर त्या दिवा सोडून पडद्यासमोर बसतील आणि तुझ्या फोनची वाट बघतील. त्यांनी तरी तुझी वाट बघू नये.

काल दुपारी मला एक वेड सुचलं. जागा भरली की झाडू फिरतो ना? मग मीच भरते. कळफलक ओढला आणि त्याच्या कोऱ्या पडद्यावर लिहीत सुटले. आधी काहीबाही, भाज्यांची नावं, गोदावरीवरच्या पुलांची नावं, त्याच्या शाळेतल्या शिक्षकांची नावं. मग तुला शिव्या. मग मयुरेशला. आज नको उद्या पाठव म्हणालास आणि मी गाढव ऐकलं, असं. एकेक वाक्य पुरं केलं की पडद्यावरून नाहीसं, आणि फोल्डरमध्ये तीच चार. बोटं दुखेपर्यंत लिहिलं. अश्विनने संध्याकाळी बघितलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, असं तुम्ही वर्षभर लिहिलं तरी भरायचं नाय."

म्हणजे आता माझंही त्यात आहे. त्याच्या वाक्यांशेजारी माझी पडली आहेत. तेवढंच एक बरं वाटलं आज.

तू हे वाचत नाहीस. तू वाचत असशील आणि गप्प बसला असशील तर मी तुला या जन्मी माफ करणार नाही. तो वाईट बोलला, मान्य. त्याचं कारण सांगायला त्याने एका भुवईवर महिना काढला. तुला दोन ओळी लिहायला काय होतं रे?

– यशश्री


२० डिसेंबर २०२५

देवव्रत,

तुझा मेल आज सकाळी रामकुंडावर मिळाला. दशक्रिया चालली होती. जीवन उघड्या अंगाने कुडकुडत पिंड मांडत होता आणि माझ्या हातातला फोन वाजला. "वहिनी, हा मेल मी वर्षभर उघडला नव्हता. आत्ता सगळं वाचलं. कशालाही हात लावू नका, काहीही बंद करू नका. नक्कल कशी काढायची ते मला माहीत आहे, हमखास निघते. तुमच्या दुपारी दोनला फोन करतो, अश्विनला बसवून ठेवा. तिकीट काढतोय."

मी तिथेच पायरीवर बसले. बायकांना वाटलं मला भोवळ आली. मला हसू येत होतं. अश्विनला तिथूनच फोन लावला, तो दुकान तसंच टाकून निघाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, भाग्यवान, काही इच्छा मागे राहिली नाही. मला पहिल्यांदा ते खरं वाटलं.

आई घरी थांबल्या होत्या, दिव्यापाशी. सोबतीला शेजारच्या कुसाबाई होत्या, त्या दळण आणायला खाली गेलेल्या.

दार उघडलं आणि घरात आवाज नव्हता. मी चप्पल काढायच्या आधीच मला कळलं. तरी आत गेले. पडदा काळा. पुठ्ठा आडवा पडलेला. भिंतीवरचं बटण वर केलेलं, यूपीएसचंही. आणि समोर दिवा, सरळ, न हलता जळत होता.

आईंचा चेहरा बघायला हवा होतास. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी होतं. मला हाताला धरून जवळ बसवलं. "अगं, तुम्ही गेलात आणि ते मेलं जोरात घुमायला लागलं. पुठ्ठा पडला, मला वाकवेना. ज्योत अशी निळी झाली बघ, जातेच की काय आता. मी उठले कशीबशी आणि बटण बंद केलं. तर ते टीं टीं ओरडायला लागलं, मग खालचंही दाबलं. अश्विनचं काम परत करता येईल त्याला. हा गेला असता तर मी मयुरेशला काय तोंड दाखवलं असतं?"

मी म्हटलं, बरं केलंत आई. दुसरं काय म्हणणार होते?

अश्विन आला. त्याने मशीन चालू केलं, तुझा प्रोग्रामही आज्ञाधारकपणे चालू झाला, कोरा. फोल्डरमध्ये चार वाक्यं. तो स्वयंपाकघरात जाऊन रडला. मला रडू येईना. मी दोन वाजायची वाट बघत होते आणि दोन वाजू नयेत असंही वाटत होतं.

तू फोन केलास. परत परत केलास. पडद्यावर तुझं नाव दिसत होतं आणि मला तो उचलता आला नाही. तुझा आवाज ऐकून हे सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे. तिकीट काढलं असशील तर ये, नसशील तर राहू दे. काढण्यासारखं आता इथे काही नाही.

त्याने तुला तसं का म्हटलं, ते मला माहीत नाही. मला वाटतं, तू आयुष्य इथे घालवू नयेस म्हणून. पण ते माझं वाटणं आहे, त्याचा शब्द नाही, आणि तू ते त्याचं समजून जवळ ठेवू नकोस. त्याने लिहिलेलं फक्त त्यालाच माहीत होतं. पूर्ण लिहिलं होतं आणि तो समाधानाने झोपला होता, एवढ्याला मी साक्षीदार आहे.

आईंना काही सांगितलेलं नाही आणि तूही कधी सांगायचं नाहीस. आता त्या झोपल्या आहेत. झोपायच्या आधी मला हाक मारली. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी तीन वर्षांत आज ऐकलं. म्हणाल्या, "देवाला कळव. म्हणावं, काळजी करू नकोस, तुझ्या आईने दिवा विझू दिला नाही."

म्हणून कळवते आहे.

– यशश्री वहिनी